आधी रुमाल, मग बॅटरी

शिरपुरात दिपमालाच्या दुकानात बॅटरीवर चालणारं हरतऱ्हेचं हत्यार भाड्याने मिळतं. ड्रिल, फरशी कापायचं कटर, फांद्या तोडायची छोटी करवत, कपाशीवर मारायचा फवारणी पंप, काय पाहिजे ते मागा. मिळतं म्हणजे पैसे टाकले आणि उचललं, असं मात्र नाही. गिऱ्हाईक पायरीवर आलं की दिपमाला आधी त्याला नखशिखांत न्याहाळते. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलीची खाष्ट मावशी मुलाकडच्यांना न्याहाळते, तशी. बाह्या लोंबतायत का? हातात कडं आहे का? बाई असेल तर पदर खोचलाय का, बांगड्या वर सारल्यात का? आणि पुरुष असेल तर गळ्यात रुमाल आहे का?

आता खानदेशातल्या माणसाच्या गळ्यात रुमाल नसेल तर काय असेल? घाम पुसायला रुमाल, उन्हात डोक्याला रुमाल, बांधावर टेकायला रुमाल, भाकरी बांधायला रुमाल, आणि सोयरीक ठरवायला जाताना कडक इस्त्रीचा रुमाल. तो उतरवायचा म्हणजे झोपतानाच. पण दिपमाला काउंटरमागून हात पुढे न करता शांतपणे म्हणते, "आधी रुमाल, मग बॅटरी." माणूस गडबडतो, इकडेतिकडे बघतो, रुमाल काढून काखेत दाबतो. मग ती उजव्या हातात मशीन देते, डाव्या हातात बॅटरी. "दोन्ही जोडायचं कामाच्या जागी गेल्यावर. काम थांबलं की आधी बॅटरी बाहेर, मग चहा. भोक पाडायचं पातं बदलायचं असलं तरी आधी बॅटरी बाहेर." शेतकरी असेल तर आणखी एक पुरवणी असते. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात छतापर्यंत कापूस भरलेला असतो आणि चार्जर लावायचा प्लग नेमका त्या ढिगाजवळ. "चार्जिंग ओट्यावर, डोळ्यांसमोर. कापसाच्या खोलीत लावलंत तर पुन्हा माझ्या पायरीवर यायचं नाही."

तिचं हे सगळं कौतुकाने ऐकून घेणारे लोक आज आहेत. दुकान उघडलं तेव्हा नव्हते.

दिपमाला मूळची बोदवडची. लहानपणी घरातला पंखा, शिलाई मशीन, जे हाती लागेल ते उघडून बसायची, आणि परत जोडताना एखादा स्क्रू हमखास उरायचा. तो ती गुपचूप आईच्या मिसळणाच्या डब्यात टाकायची. पुढे आयटीआयला फिटरला गेली. तिथे पहिल्याच वर्षी, वर्गात सगळ्यांच्या आधी हात चालतो या तोऱ्यात, ती ओढणी न खोचता ड्रिलच्या मशीनवर वाकली. ओढणीचं टोक फिरत्या पात्यात कधी गेलं ते तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा नाक मशीनपासून वीतभरावर होतं आणि सरांनी मेन स्विच पाडला होता. ती जमिनीवर बसून आधी खूप हसली. खोलीवर गेल्यावर पोटभर रडली. त्या दिवसापासून फिरणाऱ्या वस्तूजवळ लोंबणारी वस्तू दिसली की हातातलं काम टाकून ती आधी ती खोचायला लावते. हा तिचा नियम वगैरे काही नाही, ही सरळसरळ भीती आहे, आणि ती भीती लपवायचीही नाही असं तिने ठरवून टाकलंय.

लग्न होऊन ती शिरपूरला आली ती तोताराम मिस्तरींच्या घरात. नवरा किरण पिकअप चालवतो. बायकोचा शब्द तो खाली पडू देत नाही, आणि कधी पडलाच तर स्वतः उचलून देतो. सासरे तोतारामआबा म्हणजे बैलगाड्या करणारे जुने सुतार. त्यांच्या हातची चाकं सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत फिरलेली. गाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, आणि आबांच्या कारखान्याची रस्त्याकडची बाजू नुसती भुश्शाच्या पोत्यांनी भरून राहिली. दिपमालाने ती जागा दुकानासाठी मागितली. आबांनी बराच वेळ लाकूड तासायच्या वाकसाच्या धारेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दसरा लगून दखूत. मंग सांगसू."

म्हणजे आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, दुकान उघडलं ते दसऱ्यापर्यंतच्या बोलीवर. दसऱ्याला आबा हो म्हणाले तर दुकान, नाही म्हणाले तर भुश्शाची पोती परत आपल्या जागी. दिपमालाचा जीव त्या दुकानात किती गुंतला होता हे किरणला ठाऊक होतं. सकाळी झाडू मारताना ती मशीनांशी बोलायची.

आणि नेमकं आबांशीच बिनसलं.

झालं असं, की "तोताराम मिस्तरीची सून गड्यांचे रुमाल उतरवते" ही बातमी बाजारात फिरायला आठवडाही लागला नाही. पारावर बसणाऱ्या आबांच्या मित्रमंडळींनी त्यांना पुरतं हैराण केलं. आबा वरवर ते हसण्यावारी न्यायचे. आतून त्यांना त्या ड्रिलने झपाटलं होतं, हेही खरं. कोणी नाही असं बघून ते काचेतून मशीनकडे टक लावून बघत बसायचे. शेवटी ज्येष्ठातल्या एका दुपारी ते काउंटरशी आले आणि हात पुढे केला.

"दे तं जरा. दखू काय चीज शे."

दिपमालाने मशीन दिलं. आबांनी ते तोललं, मुठीत धरून बघितलं, खूश झाले. मग दुसरा हात बॅटरीसाठी पुढे आला. बॅटरी आपल्या बाजूला ओढून घेत ती म्हणाली, "आबा, आधी रुमाल."

आबांच्या गळ्यातला रुमाल साधासुधा नव्हता. पोराने पहिलं चाक स्वतःच्या हाताने बसवलं की बापाने त्याच्या गळ्यात रुमाल घालायचा, आज तू मिस्तरी झालास म्हणायचं, अशी त्यांच्या घरची रीत. आबांच्या गळ्यात तो वयाच्या सोळाव्या वर्षी पडला. कापडं विरली, बदलली, पण रुमाल काही गळ्यातून उतरला नाही.

"वायर नही, करंट नही," आबा म्हणाले, "मंग भेव कसाना?"

"वायर नाही म्हणूनच आबा. वायरचं मशीन निदान भिंतीतून काढलं की मेलं. हे हातातच जिवंत असतं."

आबांनी मशीन हळूच, अगदी अलगद काउंटरवर ठेवलं आणि निघून गेले. त्या दिवसापासून ते दुकानातून जायचे बंद झाले. बाहेर पडायचं तर मागच्या दाराने. सुनेशी बोलायचं तर किरणमार्फत. समोर बसून जेवताना म्हणायचे, "तिले सांग, भाजी चांगली व्हयनी." तारीफसुद्धा टपालाने!

"एकदा दिली असतीस बॅटरी, तर काय बिघडलं असतं?" किरणने विचारलं.

"आबांचा गळा बिघडला असता," ती म्हणाली आणि तोंड फिरवून भांडी आवरू लागली.

पावसाळ्यात तिला एक वकील मात्र आपसूक मिळाला. कय्युमभाई फर्निचरवाले, एके काळी आबांच्याच हाताखाली रंधा मारायला शिकलेले. दिपमालाच्या सूचना ते मान डोलावून ऐकायचे आणि पायरी उतरताच विसरायचे. एकदा भरलेली बॅटरी त्यांनी सरळ झब्ब्याच्या खिशात टाकली. त्याच खिशात किल्ल्यांचा जुडगा आणि चुन्याची पत्र्याची डबी. स्कूटर भर चौकात आली आणि त्या तिघांचं आत काहीतरी जुळलं. कय्युमभाई स्कूटर सोडून नाचायला लागले. लोकांना वाटलं, गांधीलमाशी शिरली. त्यांनी झब्बा काढून रस्त्यावर फेकला तेव्हा खिशातून धूर येत होता आणि मांडीवर चांगला रुपयाएवढा चटका होता. संध्याकाळी ते लंगडत दुकानात आले.

"भाभी, वायर नाही तरी चावते हो!"

"बॅटरीच्या तोंडाला लोखंड लागलं की असंच होतं, भाई. सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. मांडीला सांगायचं राहिलं."

तेव्हापासून कय्युमभाई बॅटरी नेतात ती झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात. डबा त्यांच्या बायकोने, आबेदाने, चार खरमरीत शब्दांसोबत दिलेला. आणि गावभर सांगत सुटतात की त्या दुकानात ती बाई सांगेल तसं करा. पण आबा काही बधले नाहीत.

बघता बघता नवरात्र संपत आलं. खंडेनवमीला आबांच्या कारखान्यात दरवर्षी हत्यारांची पूजा होते. वाकस, रंधा, पटाश्या, करवती धुऊनपुसून, तेल लावून पाटावर मांडायच्या, प्रत्येकाच्या मुठीला लाल नाडा घट्ट गुंडाळायचा, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचं. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, ते देव. यंदा अष्टमीच्या संध्याकाळी आबा दुकानाच्या दारात आले आणि कितीतरी महिन्यांनी थेट तिच्याशी बोलले.

"बठ्ठा हत्यारेसनी पूजा व्हई. तुना बी."

दिपमालाला खूप आनंद झाला. तिने सगळी मशीनं पुसून लखलखीत केली आणि आबांच्या पाटाशेजारच्या चटईवर मांडून ठेवली. बॅटऱ्या अर्थातच काढून, वेगळ्या टेबलावर ओळीने.

आणि इथेच ती गोष्ट घडली, जी फक्त आमच्याकडेच घडू शकते.

सकाळी आबा अंघोळ करून, सोवळ्याने कारखान्यात आले. बघतात तर सुनेची हत्यारं बिनबॅटरीची. आबांच्या दृष्टीने हा मोठा घोटाळा होता. दांडा नसलेला वाकस कोणी पूजतं का? मग पोट नसलेलं मशीन कसं पुजायचं? सुनेच्या हत्यारांची पूजा अर्धवट राहिली तर तिच्या धंद्याला बरं नाही, असं त्यांच्या मनात आलं. म्हणून टेबलावरची एकेक बॅटरी उचलून, खटका वाजेपर्यंत दाबून, त्यांनी सगळी मशीनं पूर्ण केली. ज्या माणसाला बॅटरी मिळाली नव्हती, त्याने त्या सगळ्या लावल्या, आणि त्यात राग नव्हता, माया होती.

मग नाडा. वाकसाच्या मुठीला गुंडाळतात तसाच त्यांनी तो ड्रिलच्या मुठीला गुंडाळला. मुठीच्या पुढच्या बाजूला बोटाने दाबायचा खटका असतो, नाड्याचा वेढा बरोबर त्याच्यावरून गेला. तिथून नाडा पुढे नेऊन पातं बसवायच्या तोंडाला दोन वळसे दिले, झेंडूची माळ अडकवली, आणि कुंकू लावायला वाकून त्यांनी शेवटची गाठ जोरात आवळली.

दिपमाला पुरणाचा नैवेद्य घेऊन दारात आली, तिच्यामागे किरण, कय्युमभाई आणि पारावरची मंडळी, तेव्हाच ड्रिल घरघरलं. तोंड फिरलं, त्याने नाडा ओढला. नाडा ताणला तसा खटका आणखी दाबला गेला, खटका दाबला तसं तोंड आणखी जोरात फिरलं. झेंडूच्या पाकळ्या कारखानाभर उडाल्या. कोणीतरी हसलंसुद्धा. मग आबांच्या गळ्यातून लोंबणाऱ्या रुमालाचं टोक त्यात गेलं, आणि मशीन चटईवरून उठून, स्वतःभोवती गरगरत, रुमालावरून वर चढायला लागलं.

नैवेद्याचं ताट कुठे पडलं ते दिपमालाला आजही आठवत नाही. तिने दोन्ही हातांनी मशीन छातीशी दाबून धरलं, अंगठ्याने बॅटरीची कळ दाबली आणि बॅटरी खेचून काढली. मशीन मेलं. आबांच्या गळ्यावर लाल वळ उठला होता आणि चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. कय्युमभाईंनी ड्रिलचं तोंड उलटं फिरवून रुमालाच्या चिंध्या सोडवल्या.

"आबा!" दिपमाला ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि पारावरच्या सगळ्या मंडळींसमोर. "किती वेळा सांगायचं! तुम्हाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? काय केलं असतं मी?" आणि ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली.

आबा पुटपुटले, "अर्धी चीजनी पूजा कोनी करस का?" मग चिंध्या गोळा करून, कोणाकडेही न बघता, मागच्या पडवीत निघून गेले.

सगळे पांगल्यावर तिने मशीन हातात घेऊन बघितलं आणि तिला आणखी कसंतरी झालं. ड्रिलच्या खटक्यावर एक छोटी कळ असते, ती मधोमध ठेवली की खटका दाबला तरी मशीन फिरत नाही. बॅटरी काढली की झालं, या समजुतीत तिने ती मध्ये केलीच नव्हती. गावाला शिकवणारी ती, आणि कळ मात्र सरकवायची राहिली. त्यात चारचौघांत सासऱ्यावर ओरडली. उद्या दसरा. आबांचं उत्तर काय असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. दिवसभर पडवीतून ठकठक ऐकू येत होती. भुश्शाच्या पोत्यांसाठी आबा जुनं सामान हलवतायत, असं ती समजली, आणि विचारायला जायचा तिला धीर झाला नाही.

दसऱ्याला सकाळी तिने दुकान उघडलं, झाडू मारला, पण एकही मशीन बाहेर मांडलं नाही. तेवढ्यात आबा आले. मागच्या दाराने नाही, रस्त्याकडून, पायरी चढून, गिऱ्हाईक येतं तसे. गळ्यात कोरा रुमाल आणि हातात एक पिशवी.

"आबा, कालची चूक माझीपण होती," ती घाईघाईने म्हणाली. "मी ती मधली कळ..."

आबांनी हात वर करून तिला थांबवलं. मग दोन्ही हात गळ्याशी नेले आणि रुमाल काढला. तिच्यासमोर, भर रस्त्याच्या देखत, दिवसाढवळ्या. दिपमालाचे डोळे भरून आले. आबा मात्र रुमाल हातात धरून दुकानभर नजर फिरवत होते. काउंटरवर धूळ होती. खुर्चीवर तेलाची बाटली. त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"तू लोकेसले रुमाल काढाले लावस," ते म्हणाले. "पन ठेवाले जागा कथा शे?"

दिपमालाला एकेक गिऱ्हाईक आठवलं. आखाजीपासून तिने किती माणसांना रुमाल काढायला लावले होते, आणि ते सगळे बिचारे तो काखेत दाबून, दातात धरून, मांड्यांमध्ये पकडून उभे राहिले होते. लोकांना राग रुमाल काढण्याचा आलाच नव्हता. काढलेला मान कुठे ठेवायचा हे कोणी सांगत नव्हतं, त्याचा आला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि हसूही आलं.

आबांनी पिशवी काउंटरवर उलटी केली. शिसवीच्या खुंट्या खळखळत बाहेर पडल्या. वाकसाने घडवलेल्या, काचकागदाने घासून गुळगुळीत केलेल्या, टोकाला रुमाल घसरू नये म्हणून बारीकशी खाच. कालची ठकठक ही होती; खंडेनवमीला हत्यार न चालवायची रीत आबांनी तिच्यासाठी मोडली होती.

रुमाल त्यांनी तिच्या हातात दिला. "धर हाऊ. आते दे बॅटरी."

तिने त्यांच्या उजव्या हातात मशीन दिलं, डाव्या हातात बॅटरी, आणि भुसा उडू नये म्हणून घालायचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर स्वतः चढवला. कळ कुठे सरकवायची ते दाखवलं. दाराजवळच्या जुन्या सागाच्या फळीवर आबांनी पहिलं भोक पाडलं, ते जरा तिरकंच पडलं. "भलतीच उतावळी शे हाई," ते मशीनला म्हणाले, आणि दुसरं भोक असं सरळ पाडलं की ओळंबा लावून बघावं. प्रत्येक भोकानंतर बॅटरी काढून ठेवत होते, कोणी न सांगता. पुढचं भोक घ्यायच्या आधी तिला विचारत होते, "आठे बसाडू का?"

शेवटची खुंटी ठोकून झाल्यावर तिने भीत भीत विचारलं, "आबा, आज दसरा. दुकानाचं काय ते सांगणार होतात..."

"खुंट्या बसाडी दिन्ह्यात ना?" आबा म्हणाले. "आते आखो काय सांगू?" आणि तिच्या हातातला रुमाल घेऊन त्यांनी तो पहिल्या खुंटीला, तिरक्या भोकातल्या, अडकवला.

त्या दुपारी आपट्याची पानं द्यायला पारावरचे एक आजोबा आले. सर्वांत जास्त टिंगल त्यांनीच केली होती. फवारणी पंपही न्यायचा होता त्यांना. पायरी चढताना त्यांना खुंटीवरचा रुमाल दिसला, तोताराम मिस्तरींचा, सगळ्या गावाने ओळखावा असा. दिपमालाने अजून तोंडही उघडलं नव्हतं. आजोबांचा हात आपोआप गळ्याशी गेला आणि त्यांनी आपला रुमाल नीट घडी करून शेजारच्या खुंटीवर ठेवला.